मालकी आणि वहिवाट

एखादी वस्तू ज्या कामासाठी घडविली गेली त्याहून निराळ्या कामासाठी ती वापरणे हा अपराध आहे काय? प्रश्न प्रथमदर्शनी पोरकट वाटेल. आपल्या घरांतून वरवंट्याने खिळे ठोकले जातात, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या होतात, आणि तेव्हा कोणी नीतिशास्त्र काढून बसत नाही. परंतु तीच वस्तू सार्वजनिक झाली, म्हणजे ती चौकातील पायरी, बागेतील बाक किंवा कचेरीसमोरचा कठडा झाली, की प्रश्नाचे रूप पालटते. वस्तूचा हेतू कोणी ठरवावयाचा? जो घडवितो त्याने, ज्याच्या नावावर ती दप्तरी दाखल आहे त्याने, की जो रोज तिच्यावर वावरतो त्याने? आपल्यापैकी पुष्कळांचे आयुष्य 'विहित प्रयोजन' ह्या दोन शब्दांच्या छायेत जाते. जागा ज्या प्रयोजनासाठी दिली त्यासाठीच ती वापरली जाते ना, हे पाहणे हा आपल्या नोकरीचाच एक भाग आहे. म्हणून हा प्रश्न तत्त्वज्ञांवर सोपवून आपल्याला मोकळे होता येत नाही.

ह्या प्रश्नाचा विचार करावयास मला एक खेळ फार उपयोगी वाटतो. तो खेळ म्हणजे स्केटबोर्ड. सुमारे हातभर रुंदीच्या निम्म्याहून कमी रुंद आणि पावणेदोन हात लांब अशी लाकडी फळी, तिच्याखाली चार चाके आणि तिच्यावर उभा एक मुलगा; साहित्य एवढेच. 1950 च्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, समुद्रात लाटा नसतील त्या दिवशी लाटांवर घसरण्याची हौस जमिनीवर भागवावी म्हणून तेथील तरुणांनी हा उद्योग आरंभिला. प्रारंभीची चाके धातूची आणि पुढे मातीच्या मिश्रणाची असत. वाटेत खडा आला की ती अडत आणि स्वार तोंडघशी पडे. 1970 नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत फ्रँक नॅसवर्दी ह्या तरुणाने युरेथेनची चाके बाजारात आणली आणि ती फळी खडबडीत रस्त्यालाही चिकटून धावू लागली. पुढे 1976 व 1977 साली कॅलिफोर्नियात अवर्षण पडले. श्रीमंतांच्या परसातील पोहण्याचे तलाव कोरडे पडले, आणि त्यांच्या गोलाकार भिंतींवर ही मुले चढूउतरू लागली. पाण्यासाठी बांधलेली वस्तू पाणी आटल्यावर अशी भलत्याच कामी आली.

ह्या खेळाचे वैशिष्ट्य येथेच आहे. क्रिकेटला मैदान लागते, कुस्तीला हौदा लागतो. ह्या खेळाला स्वतःची अशी जागाच जन्मतः नव्हती. तो दुसऱ्याच्या वस्तूंवर वाढला. जिन्याचा कठडा धरून उतरण्यासाठी असतो, हा त्यावरून घसरतो. बाक बसण्यासाठी असतो, हा त्याच्या कडेवरून फळी ओढीत नेतो. म्हणून तो जेथे गेला तेथे त्याच्यामागून निषेधाची पाटीही गेली. आणि म्हणूनच वस्तूच्या हेतूचा प्रश्न ह्या खेळाने जितका स्वच्छ मांडला तितका क्वचितच दुसऱ्या कशाने मांडला असेल.

प्रथम घडविणाऱ्याचा पक्ष घेऊ. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या मध्यभागी एक चौक आहे. कागदोपत्री त्याला राष्ट्राध्यक्ष केनेडींचे नाव आहे, परंतु तेथील एका प्रसिद्ध शिल्पामुळे लोक त्याला 'लव्ह पार्क' म्हणतात. त्याची मूळ कल्पना एडमंड बेकन ह्या नगररचनाकाराची. 1932 साली विद्यार्थी असताना त्याने ती आपल्या प्रबंधात मांडली आणि पुढे 1965 साली व्हिन्सेंट क्लिंग ह्या वास्तुविशारदाच्या साहाय्याने ती प्रत्यक्षात आली. ग्रॅनाइटच्या रुंद पायऱ्या, लांबच लांब बाके आणि सपाट फरसबंदी पाहून स्केटबोर्ड खेळणारी मुले तेथे लोटली, आणि तो चौक त्यांच्या जगात तीर्थस्थान होऊन बसला. नगरपालिकेने बंदी घातली. 2002 साली तर बाके बदलून आणि हिरवळ लावून तेथे खेळणे अशक्य होईल अशी व्यवस्था केली. तेव्हा, 28 ऑक्टोबर 2002 रोजी, स्वतः बेकन वयाच्या 92 व्या वर्षी डोक्यावर शिरस्त्राण चढवून, दोन्ही बाजूंनी माणसांचा आधार घेऊन, त्या चौकात फळीवर उभा राहिला आणि चार पावले घसरत गेला. कायदा मोडण्यासाठीच त्याने हे केले, आणि तसे जाहीर करून केले.

हा प्रसंग हृद्य आहे खरा. परंतु त्यावरून काय सिद्ध होते? घडविणाऱ्याच्या इच्छेलाच प्रमाण मानावयाचे तर प्रश्न तेथेच मिटला, कारण घडविणाराच मुलांच्या बाजूचा निघाला. पण अडचण अशी की, बेकनने 1932 साली आराखडा काढला तेव्हा हा खेळ जन्मासही आला नव्हता. म्हणजे त्याच्या मूळ हेतूत ही मुले असणे शक्यच नव्हते. वृद्धपणी त्याने जे मान्य केले तो मूळ हेतू नव्हता. आपल्या निर्मितीने आपल्याला न सुचलेला अर्थ धारण केला, एवढे त्याने आनंदाने कबूल केले. बापाने मुलाचे नाव ठेवावे, परंतु मुलाने काय व्हावे ते बापाला अखेर मुलाकडूनच कळावे, तसेच हे झाले. घडविणारा मोठा असेल तर तो असे कबूल करतो; लहान असेल तर पाटी लावतो. तेव्हा घडविणाऱ्याचा अधिकार म्हणून जे आपण समजतो ते पुष्कळदा त्याच्या स्वभावावर अवलंबून असते, आणि स्वभावावर न्याय उभा करता येत नाही.

आता मालकाचा पक्ष ऐकला पाहिजे, आणि तो सहानुभूतीने ऐकला पाहिजे. कारण आपण बहुतेक जण त्याच पक्षाचे सेवक आहोत. फळीच्या घर्षणाने दगडाच्या कडा उडतात, हे खोटे नाही. दुरुस्तीचा खर्च खेळणारा देत नाही, करदाता देतो. बाकावर टेकावयास आलेल्या वृद्धाला अंगावर येणाऱ्या चाकांची धडकी भरते. आवाजाने शेजारी कावतात. 'सार्वजनिक' ह्या शब्दात तो वृद्धही आलाच. परंतु ह्याच फिलाडेल्फियाच्या कथेचा पुढचा भाग पाहण्यासारखा आहे. 2004 साली एका बूट बनविणाऱ्या कंपनीने चौकाच्या देखभालीसाठी दहा लक्ष डॉलर देऊ केले आणि मुलांना पुन्हा खेळू द्यावे अशी विनंती केली. नगरपित्यांनी ती रक्कम नाकारली. दगडांच्या नुकसानीचा मुद्दा जर मुख्य असता, तर ही भरपाई विचारात घ्यावी लागली असती. ती नाकारली गेली ह्यावरून दिसते की, खरे दुखणे दगडाचे नव्हते. ती मुले तेथे नकोत हे होते. आपल्याही फायलींत असे अनेकदा घडते. कारण एक असते आणि टिपणीत दुसरे लिहिले जाते. कारण दूर केले तरी निर्णय बदलत नाही, तेव्हा लिहिलेले कारण खरे नव्हते असे खुशाल समजावे.

मालकाच्या पक्षाला एक सोज्ज्वळ रूपही आहे. ते म्हणजे वात्सल्याचे. नॉर्वेच्या शासनाने 1978 साली मुलांना इजा होते ह्या काळजीने स्केटबोर्ड आणणे, विकणे आणि वापरणे ह्या सर्वांवर देशभर बंदी घातली. ती 1989 पर्यंत टिकली. बर्फावरून लाकडी पट्ट्यांवर घसरत डोंगर उतरणे हा ज्या देशाचा राष्ट्रीय छंद, त्या देशाने चार चाकांच्या फळीला धोकादायक ठरवावे, ह्यात विनोद आहेच. परंतु विनोदाच्या खाली एक सत्य आहे. ओळखीचा धोका आपल्याला परंपरा वाटतो आणि अनोळखी धोका उच्छृंखलपणा वाटतो. बंदीमुळे खेळ संपला नाही. फळ्या चोरून येऊ लागल्या, आणि मुले अरण्यात आड जागी लाकडी उतरणी बांधून खेळू लागली. ज्याच्या सुरक्षिततेसाठी बंदी घातली तो मुलगा मदतीपासून अधिक दूर गेला. वात्सल्य खरे असेल तर त्याने एवढे तरी पाहावे, की आपल्या आज्ञेनंतर मूल कोठे जाते.

घडविणारा आणि मालक ह्या दोघांनंतर उरतो तो वापरणारा. त्याच्या हक्काला आपल्या भाषेत फार जुना आणि अर्थपूर्ण शब्द आहे: वहिवाट. शेताच्या बांधावरून पिढ्यान् पिढ्या लोक गेले की ती पाऊलवाट होते, आणि मग शेत ज्याचे त्यालाही ती नांगरता येत नाही. आपल्या 1963 च्या मुदतीच्या कायद्यात ह्या वाटेच्या हक्कासाठी 20 वर्षांचा अखंड वापर लागतो, आणि जमीन सरकारी असेल तर 30 वर्षांचा. ह्या तत्त्वातील एक खोच मात्र लक्षात घेण्याजोगी आहे. वापर उघड असावा लागतो आणि शांततेचा असावा लागतो, हे सहज पटते. परंतु तो 'हक्क म्हणून' केलेला असावा लागतो, म्हणजे त्याला मालकाची परवानगी नसावी लागते. बळजोरी नको, चोरी नको आणि परवानगीही नको! परवानगी मागून चालणाऱ्याला शंभर वर्षे चालूनही हक्क मिळत नाही; त्याला मिळते ती केवळ मेहेरबानी, आणि मेहेरबानी केव्हाही काढून घेता येते. आपल्यासारख्या, प्रत्येक गोष्टीस पूर्वपरवानगी घेण्याची सवय जडलेल्या माणसांनी कायद्याच्या ह्या वचनावर क्षणभर थांबावे असे मला वाटते.

लंडनमध्ये थेम्सच्या दक्षिण तीरावर ह्या तत्त्वाची कसोटी लागली. तेथील क्वीन एलिझाबेथ हॉल हे संगीतगृह 1967 साली उघडले. इमारत खांबांवर उचललेली असल्याने तिच्या पोटाखाली काँक्रीटच्या उतरणींची एक ओसाड जागा राहून गेली. तिला निश्चित असे काही प्रयोजनच नव्हते. 1970 नंतरच्या दशकात मुलांनी ती शोधून काढली आणि चाळीस वर्षे तेथे पिढीमागून पिढी खेळली. 2013 साली संस्थाचालकांनी विस्ताराची योजना मांडली. खर्च भागविण्यासाठी त्या जागी दुकाने आणि उपाहारगृहे यावयाची होती, आणि मुलांना जवळच, हंगरफर्ड पुलाखाली, मुद्दाम बांधलेली नवी जागा मिळावयाची होती. अंतर शेसव्वाशे मीटरांचे. मुलांनी ती नाकारली. त्यांनी हजारोंनी हरकती नोंदविल्या. ती जागा गावाचे सामायिक क्रीडांगण म्हणून नोंदावी असाही अर्ज केला, आणि तो अर्थात वीस वर्षांच्या वहिवाटीच्या आधारावर. अखेर सप्टेंबर 2014 मध्ये समेट झाला. मुलांनी अर्ज मागे घेतला आणि संस्थेने ती जागा खेळासाठी कायम राखण्याचे मान्य केले. पुढे 2019 साली तिचा बंद पडलेला काही भाग डागडुजी करून पुन्हा खुला झाला. त्यासाठी वर्गणी गोळा करण्यात ही मुलेच पुढे होती.

शंभर मीटरांवर तशीच, किंबहुना अधिक चांगली जागा मिळत असता ती का नाकारावी? हिशेबी मनाला हा हट्ट वाटेल. पण स्वतःच्या घरांकडे पाहिले तर उत्तर सापडते. आपण बदलीची माणसे. दिल्लीत, नागालँडात, मद्रासेत जी क्वार्टरे आपल्याला मिळतात ती आपली नव्हेत. कागदावर आपला त्यांच्याशी संबंध 'ताबा घेतला' आणि 'ताबा दिला' ह्या दोन तारखांपुरता. तरीही ज्या स्वयंपाकघरात आठ वर्षे रोज फोडणी पडली, ज्या दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या रेघा आहेत, ते घर सोडून त्याच श्रेणीच्या, त्याच मापाच्या, शेजारच्या ओळीतील घरात जा असे म्हटले तर गृहिणीचे डोळे भरतात. माप तेच असते. हरवते ते मापात न येणारे. वापर ही केवळ वस्तूची झीज नव्हे, ती वस्तूत घातलेली भर आहे. त्या काँक्रीटच्या ओसाडीला संस्थेने भिंती दिल्या, पण तिचे 'स्थान' केले ते मुलांनी. ज्याने भर घातली त्याचा काही अंश त्या वस्तूत आहे, हे वहिवाटीचे नैतिक मर्म मला वाटते.

येथे लेख संपविता आला असता, आणि वापरणाऱ्याचा पक्ष जिंकला असे म्हणता आले असते. पण मराठी माणसाला ह्या शब्दाची दुसरी बाजू विसरण्याचा अधिकार नाही. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतले. तळे नगरपालिकेचे होते. 1923 साली मुंबईच्या विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असा ठराव केला होता आणि महाडच्या नगरपालिकेने तो मान्यही केला होता. तरी सवर्ण वादी न्यायालयात गेले. त्यांचा युक्तिवाद कोणता? वहिवाटीचाच. आम्ही येथे अनादि काळापासून पाणी भरतो आणि ह्यांनी येथे कधीच भरले नाही, म्हणून तळे आमचे. हा वाद दहा वर्षे चालला. मार्च 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशी अनादि रूढी सिद्ध झालेली नाही असे सांगून वाद्यांचा दावा फेटाळला. पाण्याच्या हक्काची आणि पोरांच्या खेळाची तुलना करणे अनुचित होईल; एकात माणसाचे माणूसपण पणास लागले होते, दुसऱ्यात एक आनंद. मी तुलना करतो ती केवळ युक्तिवादाच्या घडणीची. 'आम्ही येथे फार दिवस आहोत' हे वाक्य दुर्बळाच्या तोंडी न्यायाची मागणी असते, आणि तेच प्रबळाच्या तोंडी अन्यायाचे कुलूप होते.

मग वहिवाट आणि वहिवाट ह्यांत भेद कसा करावयाचा? मला सुचलेली कसोटी अशी: 'आम्हांलाही येऊ द्या' असे म्हणणारी वहिवाट एक, आणि 'त्यांना येऊ देऊ नका' असे म्हणणारी दुसरी. पहिली वस्तूत भर घालते. दुसरी वस्तूभोवती भिंत घालते. पाऊलवाट माझ्या चालण्याने तुमच्यासाठी अधिक स्वच्छ होते, हे तिचे पुण्य आहे. ज्या वापराने दुसऱ्याचा पाय अडतो तो कितीही जुना असला तरी त्याला वाट म्हणू नये, कुंपण म्हणावे.

ही कसोटी स्केटबोर्डच्या मुलांनाही लावली पाहिजे. त्यांना सूट देण्याचे कारण नाही. ह्या खेळाच्या अड्ड्यांवर दीर्घकाळ मुलग्यांचेच राज्य होते, आणि नवख्याला हुसकून लावण्याची रीत तेथेही होती. म्हणूनच मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्यात जनवार ह्या खेड्यात जे झाले ते मला विशेष महत्त्वाचे वाटते. 2015 साली उल्रिके राइनहार्ड ह्या जर्मन बाईंच्या पुढाकाराने तेथे काँक्रीटचे एक क्रीडास्थान उभे राहिले. गाव गोंड आदिवासी आणि यादव अशा वस्त्यांत विभागलेले. क्रीडास्थानाचे नियम दोनच ठेवले: शाळेत गेल्याशिवाय फळी नाही, आणि मुलींचा नंबर आधी. तेथे कोणाचीच जुनी वहिवाट नव्हती. म्हणून कोणाला बाहेर ठेवण्याचा युक्तिवादही कोणाजवळ नव्हता. ज्या वयात मुलीने डोक्यावर हंडा घेऊन चालावे अशी अपेक्षा, त्या वयात ती पायाखाली चाके घेऊन सर्वांच्या देखत उतरणीवरून खाली येऊ लागली. नियम हा नेहमी बंदीच असतो असे नाही, तो दार उघडण्यासाठीही करता येतो, हे आपल्यासारख्या नियमांच्या पाइकांनी तेथून शिकावे.

आणि खेळाचे स्वतःचे संस्कार काय आहेत, ह्याचाही एक पुरावा आहे. 2020 चे ऑलिम्पिक 2021 साली टोकियोत भरले, आणि स्केटबोर्डला तेथे प्रथमच स्थान मिळाले. 4 ऑगस्ट 2021 रोजी मुलींच्या एका स्पर्धेत जपानची पंधरा वर्षांची मिसुगु ओकामोतो अखेरच्या फेरीत पडली आणि चौथी राहिली; पदक हुकले. ती रडत बाहेर आली तेव्हा तिच्या प्रतिस्पर्धी मुलींनी तिला खांद्यावर उचलून घेतले. हरलेल्या मुलीची अशी मिरवणूक! ज्या खेळात प्रतिपक्ष म्हणजे समोरचा माणूस नसून पायाखालचा काँक्रीट असतो, त्यात दुसऱ्याचे धाडस आपलेच वाटते. ज्यांची वाट अशी दुसऱ्याला खांद्यावर घेऊन जाते त्यांची वहिवाट मान्य करावयास मला संकोच वाटत नाही.

लव्ह पार्कचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. 2016 साली चौक पाडून नवा करण्याचे ठरले, तेव्हा नव्या नगराध्यक्षांनी काम सुरू होण्यापूर्वी पाच दिवस बंदी उठविली. थंडीत मुले आली, खेळली आणि निरोप घेऊन गेली. त्या चौकातील काही ग्रॅनाइट समुद्रापार स्वीडनमधील माल्मो शहराने नेले. ह्या शहराने अशा मुलांना हाकलण्याऐवजी नगररचनेत त्यांचा विचार करावयाचे ठरविले आहे. एका गावात ज्या खुणा नुकसान म्हणून मोजल्या गेल्या, त्याच दुसऱ्या गावी स्मृती म्हणून मोजल्या गेल्या. दगड तोच, आणि ओरखडेही तेच.

आपल्या हाताखालून उद्याही एखादी पाटी जाईल. बाग कोणती, कचेरी कोणती, ते सांगावयास नको. 'येथे अमुक करण्यास सक्त मनाई आहे' एवढा मजकूर असेल आणि आपली सही लागेल. मनाई केव्हाही करू नये असे मी म्हणत नाही. वृद्धाचा बाक राखलाच पाहिजे. परंतु सहीपूर्वी दोन गोष्टी पाहणे आपल्या अधिकारात आहे. लिहिलेले कारण दूर केले तर ही मनाई आपण मागे घेऊ काय? आणि ज्याला आपण हाकलीत आहोत त्याच्या तेथे असण्याने कोणाची वाट खरोखरच अडली होती काय? दोन्ही उत्तरे 'नाही' अशी आली, तर ती पाटी लोकहितासाठी नसून मालकीच्या समाधानासाठी आहे असे समजावे. जी जागा आपली नाही, जी आपण केवळ सांभाळतो, तिच्यावर मालकी मिरविण्याचा अधिकार सांभाळणाऱ्याला कोणत्याच आज्ञापत्राने दिलेला नाही.